रडार चित्रांच्या तुलना-चाचण्या दुरुस्त करायला बसण्याआधी

चित्रं काढणारी लायब्ररी अपडेट झाली आणि सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या इंटरफेरोग्रामच्या (दोन रडार चित्रांतल्या फेजचा, म्हणजे लहरीच्या कोनाचा, फरक दाखवणाऱ्या चित्राच्या) चाचण्या लाल, म्हणजे नापास झाल्या, की हात आधी बेसलाइन चित्रं, म्हणजे तुलनेसाठी जपलेली जुनी चित्रं, नव्याने काढायला धावतो. कृपया थांबा. काय बदललं, आकडे की फक्त रेखाटन, हे सांगू शकेल असा पुरावा म्हणजे तीच जुनी चित्रं.

तुलना खरंच होतेय ना, ते आधी बघा. पायटेस्ट-एमपीएल या चित्रं ताडणाऱ्या साधनाला '--mpl' हा पर्याय दिला नाही, तर चाचणी चित्र काढते आणि कशाशीही न ताडता पास होते. मग जुन्या चाचण्या ज्यात पास होत होत्या, ते एन्व्हायर्नमेंट पुन्हा उभं करा: मॅटप्लॉटलिब (चित्रं काढणारी लायब्ररी), नमपाय (आकडेमोडीची), फ्रीटाइप (फॉन्टची), सगळ्यांच्या आवृत्त्या त्याच. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

आता फरकाचं चित्र मोठं करून पाहा. अक्षरांच्या आणि आकड्यांच्या कडाच उजळल्या असतील तर फॉन्टचा मामला आहे. मजकूर वगळून तुलना करा. रास्टरभर, म्हणजे पिक्सेलांच्या सगळ्या जाळीभर, बारीक फरक पसरला असेल तर इंटरपोलेशन (चित्र लहान-मोठं करताना पिक्सेलचा रंग ठरवण्याची पद्धत) तपासा. मॅटप्लॉटलिब ३.२ मध्ये त्याचं डीफॉल्ट बदललं, म्हणून 'निअरेस्ट' स्वतः लिहून टाका. रंगपट्टीच्या सीमाही डेटावर सोडू नका, ठरवून द्या.

खरी गोम फेजमध्ये असते. गुंडाळलेली फेज उणे पाय (π) ते अधिक पाय एवढ्यातच राहते. ३.१४१५ आणि उणे ३.१४१५ या जवळपास एकच फेज, पण व्हिरिडिस या रंगपट्टीत एक पिवळी दिसते, दुसरी गडद जांभळी. दशांशाच्या शेवटच्या घरातला फरकही असा पिक्सेल उलटवतो. म्हणून ट्वायलाइटसारखी चक्राकार, म्हणजे दोन्ही टोकांना एकच रंग असलेली, रंगपट्टी वापरा, आणि त्याआधी चित्रामागचे आकड्यांचे अ‍ॅरेच ताडून बघा. थेट वजाबाकी नको. दोन्ही फेज संमिश्र संख्यांत नेऊन मधला कोन काढा. रडारची तीव्रता डेसिबलमध्ये नेताना शून्याचं ऋण अनंत होतं, तेव्हा असे पिक्सेल वगळणारा मास्क आधीच लावा. तरंगलांबी मेटाडेटातून, म्हणजे चित्रासोबत येणाऱ्या माहितीतून, घ्या. सेंटिनेल-१ ची सुमारे ५.५ सेंमी आहे, म्हणजे एक फ्रिंज (रंगांचं एक पूर्ण चक्र) जमीन उपग्रहाच्या दिशेने २.८ सेंमी सरकण्याची, तरंगलांबीच्या निम्मी. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून गेलेल्या निसार या रडार उपग्रहाच्या एल-बँडला (जास्त लांब लहरींच्या पट्ट्याला) तेच गणित सुमारे १२ सेंमीवर जातं.

टॉलरन्स, म्हणजे चालवून घेण्याच्या फरकाची मर्यादा, वाढवणं अगदी शेवटी. ८०० बाय ६०० च्या चित्रात २० बाय २० चा तुकडा रंगाच्या ५० पातळ्यांनी चुकला तरी आरएमएस (सगळ्या पिक्सेलांतल्या फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) १.४४ च येतो, आणि पायटेस्ट-एमपीएलची डीफॉल्ट मर्यादा २ आहे. भूस्खलनाएवढा डाग त्यात सहज निसटतो.

एवढं झाल्यावरही चित्रं बदलावीच लागली, तर त्यांचा कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) वेगळा ठेवा, संदेशात आवृत्त्या लिहा आणि तपासणाऱ्याला जुनं, नवं आणि फरकाचं अशी तिन्ही चित्रं द्या.