ब्रिटनमध्ये जोडीदाराची नोकरी गेली, तर कोणता भत्ता कुणी आणि कधी मागायचा

दोघं कमावते असलेल्या घरात एकाच्या हातात रिडंडन्सीचं, म्हणजे जागाच रद्द झाल्याने नोकरी गेल्याचं पत्र पडलं, की बहुतेक जण एकच गोष्ट धरून चालतात: दुसऱ्याचा पगार चालू आहे, तेव्हा सरकारकडून काही मिळायचं नाही. हे अर्धंच खरं आहे. न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स, म्हणजे जेएसए, फक्त नोकरी गेलेल्या माणसाचा नॅशनल इन्शुरन्सचा, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या सामाजिक विम्याच्या हप्त्यांचा हिशेब बघतो. जोडीदाराचा पगार आणि घरातली बचत त्यात येतच नाही. युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घराला दरमहा मिळणारी सरकारी मदत, मात्र अख्खं घर तपासतं. या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे हक्काचा जेएसए न मागणारी घरं कमी नाहीत.

खालचे आकडे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधले, २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. त्यातले बरेच दर एप्रिलला बदलतात.

१. शेवटच्या पगाराची फोड मागून घ्या

कंपनीकडून येणारी रक्कम एकच दिसली तरी तिच्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी असतात: रिडंडन्सी पे, नोटिशीऐवजी दिलेला पगार, न घेतलेल्या सुट्ट्यांचे पैसे आणि कामाच्या दिवसांचा पगार. प्रत्येकाचा नियम वेगळा असल्याने फोड लेखी हवी.

कायद्याने ठरलेला रिडंडन्सी पे मिळायला सलग दोन वर्षांची नोकरी लागते. २२ ते ४० वयातल्या प्रत्येक पूर्ण वर्षाला एका आठवड्याचा पगार, ४१ नंतरच्या वर्षाला दीड आठवड्याचा, २२च्या आधीच्या वर्षाला अर्ध्या आठवड्याचा. जास्तीत जास्त २० वर्षं धरतात आणि आठवड्याचा पगार ७१९ पौंडांच्या वर मोजत नाहीत. वय ४४, नोकरी १० वर्षं असेल तर ३ वर्षांचे साडेचार आणि ७ वर्षांचे सात, असे साडेअकरा आठवडे. म्हणजे जास्तीत जास्त ८,२६८.५० पौंड. कंपनी याहून जास्त देऊ शकते, कमी देऊ शकत नाही.

रिडंडन्सीच्या पहिल्या ३०,००० पौंडांवर कर नाही. नोटिशीच्या आणि सुट्ट्यांच्या पैशांवर मात्र पगारासारखाच कर कापला जातो. पी-४५, म्हणजे नोकरी सुटताना कंपनी देते तो पगार आणि कराचा दाखला, हातात आल्याशिवाय विषय संपला असं समजू नका.

२. जेएसए लगेच मागा

अर्ज नोकरी गेलेल्या व्यक्तीने स्वतःच्या नावाने करायचा. २५ आणि त्यापुढच्या वयाला आठवड्याला ९२.०५ पौंड, त्याखाली ७२.९० पौंड, जास्तीत जास्त १८२ दिवस. पहिले सात दिवस सहसा कोरडे जातात.

अडतं ते नॅशनल इन्शुरन्सच्या वर्षांवर. गेल्या वर्षभराचे हप्ते इथे कामाला येत नाहीत. २०२६ मध्ये अर्ज केला तर २०२३-२४ आणि २०२४-२५ ही दोन करवर्षं तपासली जातात. त्यामुळे २०२५ मध्ये ब्रिटनला येऊन लगेच चांगल्या पगारावर लागलेल्या माणसालाही नकार येऊ शकतो. स्वतःचा धंदा करणाऱ्यांचे हप्ते बहुतेक वेळा यात धरत नाहीत. अर्जाआधी सरकारी संकेतस्थळावर आपली नोंद बघून घ्या. कंपनीने हप्ते भरलेच नसतील तर तेही तिथेच कळतं.

रिडंडन्सी पेमुळे जेएसए थांबत नाही. नोटिशीऐवजी पगार मिळाला असेल तर तो ज्या तारखेपर्यंतचा धरला जातो, तिथपर्यंत भत्ता सुरू होत नाही. म्हणून काही जण अर्जच लांबवतात. त्याची गरज नाही. अर्ज करून टाका, तारीख ते ठरवतील. स्वेच्छेने रिडंडन्सी घेतली तरी 'स्वतःहून नोकरी सोडली' असा शिक्का बसत नाही. अर्जात 'राजीनामा' हा शब्द मात्र चुकूनही लिहू नका.

भत्ता संपल्यावर पुन्हा पैसे मिळाले नाहीत, तरी नॅशनल इन्शुरन्सचं क्रेडिट मागता येतं. पुढच्या पेन्शनमधलं वर्ष रिकामं राहत नाही.

३. युनिव्हर्सल क्रेडिटआधी व्हिसा बघा

आपल्या लोकांसाठी ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. ई-व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे ठरावीक सरकारी भत्ते मागता येणार नाहीत, अशी अट असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा भत्ता) आणि कौन्सिल टॅक्समधली (घरपट्टीसारख्या स्थानिक करातली) सवलत मागता येत नाही. मागितली तर पुढच्या व्हिसाला धोका. जेएसए हा आपल्याच हप्त्यांवरचा भत्ता असल्याने पब्लिक फंड्सच्या यादीत नाही, आणि रिडंडन्सी पेही नाही. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करणाऱ्या पती-पत्नीने हे लक्षात ठेवावं.

दोघांपैकी एक ब्रिटिश नागरिक किंवा कायम वास्तव्य मिळालेला आणि दुसऱ्यावर ही अट, असं असेल तर अर्ज होतो, पण पैसे एकट्याच्या दराने मिळतात. उत्पन्न आणि बचत मात्र दोघांची धरतात. स्किल्ड वर्कर व्हिसा ज्याच्या नावावर आहे त्याचीच नोकरी गेली, तर भत्त्याच्या आधी इमिग्रेशनचा अधिकृत सल्लागार गाठा. कंपनी गृहखात्याला कळवते, मग व्हिसाची मुदत साधारण ६० दिवसांवर येते आणि डिपेंडंटची मुदतही त्याच्याबरोबर जाते.

४. युनिव्हर्सल क्रेडिटचं गणित

जोडप्याचा अर्ज एकच असतो, पण खाती दोन. एकाने खातं उघडल्यावर एक कोड मिळतो. दुसऱ्याने आपल्या खात्यात तो घालून दोन्ही जोडायची. खातं उघडल्यापासून २८ दिवसांत अर्ज पाठवला नाही, तर सगळं पहिल्यापासून. पैसे अर्ज पाठवल्याच्या तारखेपासून मोजतात, खातं उघडल्याच्या नव्हे.

आता बचत. दोघांची मिळून १६,००० पौंडांच्या वर असेल तर काहीच मिळत नाही. ६,००० पर्यंतची बचत धरत नाहीत. ६,००० च्या वरच्या प्रत्येक २५० पौंडांमागे महिन्याला ४.३५ पौंड उत्पन्न मानतात. ९,००० असतील तर ५२.२० पौंड कमी. बँकेत पडलेला रिडंडन्सी पे ही बचतच. पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट आणि भारतातली मुदत ठेवही बचतच. बाहेरदेशी आहे म्हणून सुटत नाही. अर्जात ते न लिहिणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. घरखर्च भागवणं, कर्ज फेडणं चालतं. पण भत्ता मिळावा म्हणून भावाच्या खात्यात पैसे वळते केले, तर ते अजून तुमच्याकडेच आहेत असं धरून हिशेब होतो. पावत्या जपा.

मग जोडीदाराचा पगार. दोघांपैकी एकाचं तरी वय २५ किंवा जास्त असेल तर मूळ रक्कम महिन्याला ६२८.१० पौंड. त्यात भाडं आणि मुलांचा भाग मिळवतात. हातात येणाऱ्या पगारातल्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापतात. मूल नाही आणि पगार १,००० पौंड, तर ५५० कापून ७८.१० उरतात, भाडं वेगळं. मूल असेल आणि भाड्याची मदत मिळत असेल तर पगाराचे पहिले ४११ पौंड सोडून देतात: १,२०० पगारावर ७८९ चे ५५ टक्के, म्हणजे ४३३.९५ कापले जातात. जेएसए मिळत असेल तर तो पूर्णच्या पूर्ण वजा होतो. मग जेएसए कशाला, असा प्रश्न पडेल. बचत किंवा पगार जास्त म्हणून युनिव्हर्सल क्रेडिट नाकारलं, तरी जेएसए चालू राहतो.

तारीख नीट निवडा. अर्जाच्या दिवसापासून एक महिना मोजतात आणि त्या महिन्यात आलेला पगार उत्पन्न धरतात. शेवटचा पगार, सुट्ट्या आणि नोटिशीचे पैसे २८ तारखेला येणार असतील आणि अर्ज २० ला पाठवला, तर पहिला हप्ता शून्यावर येऊ शकतो. अर्ज २९ ला पाठवला तर ते पैसे उत्पन्नात येत नाहीत. खात्यात शिल्लक राहिले तर बचतीत येतात. उलट, शेवटचा पगार किरकोळ असेल तर थांबण्यात नुकसान आहे, कारण मागचे दिवस सहसा भरून मिळत नाहीत. पहिला हप्ता साधारण पाच आठवड्यांनी येतो. मधल्या काळासाठी उचल मिळते, पण ते कर्ज आहे. पुढच्या हप्त्यांतून कापतात.

जोडीदार नोकरीवर असला तरी जबाबदारीचा करार (भत्त्याच्या बदल्यात काय करायचं याची लेखी कबुली) दोघांनी मान्य करायचा असतो. कामावर असलेल्याने तो मान्य करायचा राहू दिला, तर दोघांचाही अर्ज बंद होतो. ऑनलाइन जर्नल, म्हणजे खात्यातली निरोपांची वही, रोज उघडा. जॉबसेंटरची (सरकारी रोजगार कार्यालयाची) भेट चुकली तर कपात होते.

५. जे वेगळं मागावं लागतं

कौन्सिल टॅक्समधली सवलत कौन्सिलकडे वेगळी मागायची. युनिव्हर्सल क्रेडिटच्या अर्जात ती येत नाही. दोघांपैकी जास्त कमावणाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न ८०,००० पौंडांच्या आत आलं, तर बंद केलेला चाइल्ड बेनिफिट पुन्हा सुरू करण्यात अर्थ आहे. नोकरी गेलेल्या जोडीदाराचं करवर्षाचं उत्पन्न १२,५७० च्या खाली राहिलं आणि दुसरा मूळ दराने कर भरत असेल, तर मॅरेज अलाउन्समधून वर्षाला २५२ पौंडांपर्यंत कर वाचतो. चार आठवडे काम नाही आणि करपात्र भत्ताही नाही, तर पी-५० हा कर परताव्याचा फॉर्म भरून आधी कापलेला कर मधेच परत मागता येतो. गृहकर्जाच्या व्याजासाठीची मदत युनिव्हर्सल क्रेडिटचे तीन महिने झाल्यावर मिळते. तेही कर्जच, घरावर बोजा चढवून.

६. नकार आला तर

निर्णयाच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत फेरविचार मागा. फोनवर मागितला तरी जर्नलमध्ये लिहून ठेवा. कोणता आकडा किंवा कोणती तारीख चुकली ते नेमकं सांगा आणि पगाराची फोड जोडा. फेरविचारातही नकार आला, तर त्या पत्राच्या तारखेपासून पुन्हा एक महिना न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठी असतो. त्याला फी नाही.