साथीत दोन भागांचे मृत्युदर ताडून कसे बघायचे

एका देशात १०० पेशंटमागे १० गेले आणि शेजारच्यात २, असं वाचलं की लगेच तिथल्या डॉक्टरांना नावं ठेवू नका, आधी छेदात काय आहे ते बघा. भागलंय कशाने? सापडलेल्या पेशंटने, लागण झालेल्या सगळ्यांनी, का पूर्ण लोकसंख्येने? तिन्हींना सर्रास मृत्युदरच म्हणतात आणि घोळ तिथेच होतो. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये इटलीचा आकडा जर्मनीच्या कितीतरी पट दिसायचा, पण जर्मनीत टेस्ट भरपूर, सौम्य लक्षणांची तरुण मंडळीही मोजली जायची, इटलीत बहुतेक वेळा जास्त आजारी असलेलेच. टेस्टिंग सारखं नसेल तर पेशंटमागचा दर सरळ बाजूला ठेवा, दर लाख लोकसंख्येमागे किती गेले ते घ्या.

मग वय. कोरोनात ऐंशीच्या पुढच्यांना धोका विशीतल्यांच्या शेकडो पट होता, त्यामुळे म्हाताऱ्यांचा देश आणि पोराटोरांचा देश थेट शेजारी मांडणं चूकच. दोन्हीकडचे वयोगटानुसार दर काढा, ते एकाच ठरावीक लोकसंख्येला लावा आणि मग बेरीज करा. थोडं किचकट आहे पण हे टाळून केलेल्या तुलनेवर माझा तरी विश्वास नाही.

कोणता मृत्यू साथीचा धरलाय हेही तपासा. बेल्जियमने वृद्धाश्रमांतले संशयित मृत्यूही धरले, ब्रिटनने ऑगस्ट २०२० मध्ये पॉझिटिव्ह आल्यापासून २८ दिवसांच्या आत गेलेलेच मोजायचे अशी अट घातली आणि आकडा ५ हजारांहून जास्तने खाली आला. पेरूने मे २०२१ मध्ये फेरमोजणी केली तर साधारण ६९ हजारांचे १ लाख ८० हजार झाले, एवढी माणसं तोवर हिशोबातच नव्हती, वाचून पोटात कालवतं.

म्हणून शक्य असेल तिथे सगळ्याच कारणांचे मृत्यू घ्या आणि त्यातून आधीच्या ४-५ वर्षांवरून अपेक्षित असलेले वजा करा. जागतिक आरोग्य संघटनेने अशाच हिशोबाने २०२० आणि २०२१ मिळून सुमारे १ कोटी ४९ लाख जादा मृत्यू धरले, जाहीर झालेले होते ५४ लाखांच्या आसपास. फक्त जिथे मृत्यूची नोंदणीच अर्धवट आहे तिथे हा आकडा अंदाजच समजा.

एवढं करूनही फरक उरला तर मग कारण शोधा. १९१८ च्या फ्लूत पॅसिफिक महासागरातल्या पश्चिम सामोआ बेटांवर एका जहाजातून आजार उतरला आणि जवळपास पाचवा हिस्सा लोक गेले, बाजूच्याच अमेरिकन सामोआने जहाजांना क्वारंटाइन लावलं होतं, तिथे कुणीच गेलं नाही.