उकळत्या पाण्याच्या पद्धतीने काँक्रीटच्या २८ दिवसांच्या ताकदीचा अंदाज कसा घ्यावा

काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी तपासतात, पण तोवर वरचे काम पुढे गेलेले असते आणि निकाल कमी आला तर दोष सुधारायला वाव फार थोडा उरतो. यासाठी आय.एस. ९०१३ : १९७८ या भारतीय मानकात उकळत्या पाण्याची पद्धत दिली आहे, जिने साडेअठ्ठावीस तासांत अंदाज हाती येतो.

प्रथम १५० मि.मी.चे तीन क्यूब (चाचणीसाठीचे काँक्रीटचे घनाकार ठोकळे) नेहमीप्रमाणे तीन थरांत, प्रत्येक थराला किमान ३५ ठोके देऊन भरावेत. साच्याला आतून तेलाचा हात फिरवावा आणि वर पोलादी झाकण बसवावे. काँक्रीट साच्यासकट उकळायचे असते. झाकण नसेल तर आतली हवा व पाणी प्रसरण पावून कोवळ्या क्यूबला तडे पाडतात.

साचे २७ ± २ अंश सेल्सिअस तापमानात, दमट जागी २३ तास ठेवावेत आणि मग उकळत्या टाकीत अलगद सोडावेत. टाकीत पाणी इतके असावे की तापमान ३ अंशांहून अधिक उतरणार नाही आणि पंधरा मिनिटांत पुन्हा उकळी येईल. साडेतीन तासांनी क्यूब साच्यातून काढून २७ अंशांच्या पाण्यात दोन तास निवू द्यावेत व लगेच यंत्रावर फोडावेत.

खरे कौशल्य यापुढे लागते. मानकात नमुन्यादाखल २८ दिवसांची ताकद = ८.०९ + १.६४ × त्वरित ताकद (उकळलेल्या क्यूबची ताकद) असे सूत्र आहे; दोन्ही ताकदी मेगापास्कल या दाबाच्या एककात. म्हणजे क्यूब १५ मेगापास्कलला फुटले तर अंदाज सुमारे ३२.७ निघतो. हे सूत्र जसेच्या तसे वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) असलेले पी.पी.सी., म्हणजे पोर्टलंड पोझोलाना सिमेंट, उष्णतेला साध्या सिमेंटपेक्षा वेगळा प्रतिसाद देते. महाबळेश्वरच्या उंचीवर तर पाणीच सुमारे ९५ अंशांना उकळते. म्हणून आपल्याच सिमेंट, खडी व वाळूची, पाणी-सिमेंट गुणोत्तर बदलत केलेली अनेक मिश्रणे घ्यावीत, प्रत्येकाचे निम्मे क्यूब उकळून व निम्मे २८ दिवस पाण्यात ठेवून फोडावेत आणि आलेखावर स्वतःची रेषा काढावी. सिमेंटचा प्रकार किंवा ॲडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये मिसळायचे रसायन) बदलले की ती रेषा नव्याने काढावी लागते.

अंदाज कमी आला म्हणून झालेले काम नाकारता येत नाही, कारण आय.एस. ४५६ या काँक्रीटकामाच्या भारतीय मानकानुसार स्वीकृती २८ दिवसांच्या निकालावरच ठरते. मात्र दुसऱ्याच दिवशी वाळूतली ओल आणि मिक्सरमध्ये पडणारे पाणी तपासून पुढच्या खेपेचे काँक्रीट दुरुस्त करता येते.