माशांच्या टँकच्या फिल्टरमध्ये मीडिया भरताना या चुका टाळा

"काका, पाणी तर काचेगत हाय, मग मासं का मरायल्यात?"

दिवाळीनंतरच्या आठवड्यात हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतंच. खोदून विचारलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट बाहेर येते. फराळाच्या आधीच्या साफसफाईत घरातल्या डब्यांबरोबर टँकचा फिल्टरही नळाखाली गेलेला असतो. स्पंज साबणाशिवाय का होईना पांढरा होईपर्यंत पिळलेला, सिरॅमिक रिंगा (भाजलेल्या मातीच्या, बारीक छिद्रांच्या छोट्या नळ्या) ब्रशने घासलेल्या, सगळं गच्चीत वाळवून परत भरलेलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकायला लागतात. माझे चार एंजल मासे असेच गेले, म्हणून कळकळीने लिहितोय.

फिल्टर ही नुसती गाळणी नाही. त्यात भरलेल्या स्पंज, रिंगा अशा सगळ्या वस्तूंना मीडिया म्हणतात. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. रिंगांवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, आणि दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. ब्रश, क्लोरीनचं पाणी आणि ऊन असं तिन्ही त्यांच्या वाट्याला आलं, तर फारसं काही शिल्लक राहत नाही. रिंगांवरचा तपकिरी बुळबुळीत थर मळ वाटतो, पण बरंचसं काम तिथंच चालतं.

धुवायचं कसं? पाणी बदलताना टँकमधलंच बादलीभर पाणी काढून घ्या आणि त्यातच स्पंज दाबून काढा. रिंगा तीन-चार महिन्यांतून एकदा त्याच पाण्यात हलक्या हाताने हलवल्या तरी पुरे. स्पंज आणि रिंगा एकाच दिवशी धुऊ नका, आणि सगळा मीडिया एकदम तर कधीच बदलू नका. नव्या रिंगा घालायच्या असतील तर जुन्यांच्या शेजारी महिनाभर राहू द्या, मग जुन्या थोड्या थोड्या काढा. बादलीतलं ते गढूळ पाणी कढीपत्त्याला घाला, झाड महिन्यात बदलतं.

क्रम उलटा लागतो

आधी पाणी कुठून शिरतं आणि कुठून बाहेर पडतं ते हाताने पाइप धरून बघा. टाकीवर बसणाऱ्या टॉप फिल्टरच्या ट्रेमध्ये पाणी सहसा वरून खाली उतरतं. कॅनिस्टर म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, बऱ्याच कॅनिस्टरमध्ये ते तळाशी जाऊन वर चढतं. त्यामुळे टॉप फिल्टरची रचना बघून कोणी कॅनिस्टर भरला की जाड स्पंज शेवटी येतो आणि सगळा कचरा रिंगांवर बसतो. त्यांची बारीक छिद्रं बुजली की जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही.

पाण्याच्या वाटेवर आधी मोठ्या छिद्रांचा स्पंज, मग बारीक स्पंज किंवा पांढरा फिल्टर वुल, त्यानंतर रिंगा, आणि कार्बन (वास, रंग शोषून घेणारा खास कोळसा) वापरणार असाल तर तो सर्वांत शेवटी. गुऱ्हाळावर रस काहिलीत सोडण्याआधी चिपाडाचे तुकडे गाळून घेतात, तसंच.

फिल्टर वुलच्या जागी वातीचा किंवा दवाखान्यातला कापूस घालणारे मी पाहिलेत. तो पाण्यात कुजतो. उशीत भरतात तो साधा पांढरा पॉलिस्टर चालतो, फक्त त्याला औषध किंवा सुगंध लावलेला नसावा.

दुसरी गोष्ट दाबून भरण्याची. उसाला पाणी पाजताना पाटाला उंदराचं बीळ लागलं की पाणी सरीत न जाता बिळातून निघून जातं. फिल्टरमध्येही तेच होतं. वुल ठासून भरला तर पाणी त्यातून जात नाही, ट्रेच्या कडेवरून उडी मारतं. फार सैल भरला तर बाजूच्या फटीतून पळतं. धार बारीक झाली की पंप जळाला असं समजून नवीन आणू नका. आधी वुल काढून धार बघा, मग पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारा छोटा पंखा) उघडून त्यात अडकलेलं शेवाळ काढा.

काय घालावं, काय नको

बायो बॉल, म्हणजे प्लास्टिकचे जाळीदार गोळे, रंगीत दिसतात म्हणून कॅनिस्टरमध्ये भरले जातात. ते मुळात पाणी ठिबकत आणि हवा खेळत असलेल्या फिल्टरसाठी आहेत. पाण्यात बुडवले तर तेवढ्याच जागेत रिंगा कितीतरी जास्त काम करतात. रिंगा महाग वाटल्या तर कुंभार गल्लीतून बिनरंगाच्या, बिनचकाकीच्या मडक्याची खापरं आणा, फोडून उकळून घ्या. आपला काळा दगड मात्र घट्ट असतो, त्यात जिवाणूंना जागा कमी.

मालवणहून आणलेले शिंपले, संगमरवराचे तुकडे फिल्टरमध्ये टाकले तर ते हळूहळू विरघळतात आणि पाण्याचा जडपणा आणि पीएच वाढवतात. मॉली माशाला ते मानवतं. पण पीएच वाढला की तेवढाच अमोनिया जास्त घातक होतो. दगडाबद्दल शंका असेल तर त्यावर व्हिनेगर टाका, फेस आला तर नको.

कार्बन हा रोजचा मीडिया नाही. औषधाचे अवशेष, लाकडाचा पिवळेपणा, वास काढायला तो उत्तम, पण साधारण महिन्याभरात त्याची ताकद संपते आणि अमोनियावर त्याचा भरवसा धरता येत नाही. मेथिलिन ब्लूसारखं औषध घातलं असेल तर आधी कार्बन काढा, नाहीतर औषध माशापर्यंत पोचतच नाही.

सर्वांत मोठा धोका झिओलाइटचा, आणि त्याबद्दल दुकानात फार कमी वेळा सांगतात. झिओलाइट हे सच्छिद्र खनिजाचे खडे, ते अमोनिया धरून ठेवतात, हे खरं. पण माशांवर पांढरे ठिपके दिसले की आपण खडे मीठ टाकतो, आणि मिठाच्या पाण्यात झिओलाइट मिठातला सोडियम घेऊन धरलेला अमोनिया परत सोडून देतो. आजारी मासा, त्यात अमोनिया. मीठ टाकायच्या आधी झिओलाइट बाहेर काढायचाच.

मासे वर आले तर

चौथाई पाणी बदला, खाद्य बंद करा, हवेचा पंप वाढवा, अमोनियाची टेस्ट करा. फिल्टर धुऊ नका. पाणी नळाचं असेल तर अँटीक्लोरीन घाला, किंवा उघड्या भांड्यात दिवसभर मुरलेलं वापरा. पावसाळ्यात नळाला गढूळपणा आणि क्लोरीनचा वास दोन्ही जाणवतात, तेव्हा वुल दर चार-पाच दिवसांनी बदलावा लागतो.

कोल्हापूर-सांगलीकडच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बऱ्याच भागात वीज आणि नळाचं पाणी दोन्ही कित्येक दिवस बंद होतं. बंद कॅनिस्टरमध्ये काही तासांतच प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात आणि आतलं पाणी सडतं. वीज आल्यावर तो तसाच सुरू केला तर ते सडकं पाणी थेट टँकमध्ये येतं. म्हणून दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ वीज जाणार असं दिसलं की कॅनिस्टर उघडा, रिंगा जाळीच्या पिशवीत घालून टँकमध्येच लटकवा, बॅटरीवरचा हवेचा पंप लावा. तोही नसेल तर तांब्याने पाणी उंचावरून परत सोडत राहा, आणि वीज येईपर्यंत खाद्य घालू नका.