जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्यात? मग कामाला लागा

तुमच्या घरात, भावकीत नाहीतर आळीत साठीच्या पुढची एखादी आजी असेलच जी लहानपणी पहाटे उठून दळायची, तिच्याकडे आधी जा. लांबच्या खेडेगावात वगैरे जायचं नंतर बघू.

फक्त "आजी, ओव्या येतात का" असं विचारू नका, कारण उत्तर ठरलेलं असतं, "न्हाई बाई, इसरले समदं". त्यापेक्षा दळणाचं विचारा. किती वाजता उठायचात, जात्यावर समोर कोण बसायचं, सासू की जाऊ, बाजरी असायची का ज्वारी, आणि जात्याला टाकी लावायला, म्हणजे गुळगुळीत झालेल्या दगडाला पुन्हा खाचा पाडायला, कोण यायचं. गिरणी गावात आली त्या दिवसांबद्दल तर हमखास बोलतात. बोलता बोलता एखादी ओळ सुटतेच, ती सुटली की मधे तोंड घालायचं नाही.

त्याहून चांगलं म्हणजे जातंच मांडायचं. बऱ्याच घरांत ते परड्यात नाहीतर पडवीत पालथं पडलेलं असतं, नातवाला हाताशी धरा, पुसून घ्या, खुंटा बसवा. आणि सोबत थोडी ज्वारी नाहीतर गहू न्या, कारण रिकामं जातं फिरवायला जुन्या बायका तयार होत नाहीत, बरं नसतं म्हणतात. आजीने मूठभर दाणे वैरले, खुंट्याला हात लागला, दगड घरघरायला लागला की मघाशी काहीच आठवत नव्हतं तीच बाई एकामागून एक गायला लागते. ओवीची लय हाताच्या फेऱ्यावर बांधलेली असते त्यामुळे नुसतं खुर्चीत बसवून म्हणायला लावलं तर अर्ध्या ओळी गळतात. जमलं तर दोघींना समोरासमोर बसवा, एक विसरली की दुसरी उचलते.

वेळ बघून जा. सुगीत, खुरपणीत जाऊन बायकांचा रोज बुडवू नका, आणि बुडालाच तर त्या दिवसाची मजुरी द्यायची, माझं तरी हे स्पष्ट मत आहे. लग्नघरात हळदीला जातं मांडतात आणि घाणा भरतात तेव्हा कुणी मुद्दाम न सांगता गाणी होतात, तिथे ओळखीने शिरता आलं तर सोन्याहून पिवळं. श्रावणात मंगळागौर, अश्विनात भोंडला, विदर्भ-खानदेशात भुलाबाई, ही गाणी वेगळी पण गाणाऱ्या बायका पुष्कळदा त्याच, तिथून ओळख निघते.

रेकॉर्डिंगला मोबाईल पुरतो. फ्लाइट मोडवर टाका, फॅन आणि टीव्ही बंद, फोन जात्याजवळ जमिनीवर न ठेवता आजीच्या तोंडाच्या उंचीला स्टुलावर घडी घातलेल्या चादरीवर ठेवा, नाहीतर घरघरच जास्त येते. सुरुवातीलाच तारीख, गाव, तालुका, नाव तुमच्या आवाजात बोलून टाका. परवानगीही रेकॉर्डिंगमध्येच घ्या, आणि नीट विचारा, नाव लावू का, नेटवर टाकू का, घरच्यांनी ऐकलं तर चालेल का. हे महत्त्वाचं आहे कारण ओव्यांत सासूचा जाच असतो, नवऱ्याची मारहाण असते, आणि सून शेजारच्या खोलीत असते. कुणी म्हटलं ही ठेवू नका, तर तिच्यासमोर डिलीट करा.

माहेरचं गाव विचारायला विसरू नका, हे पुष्कळ लोक सोडतात. ओवी बाईबरोबर लग्न होऊन येते. म्हणजे मुळशीत ऐकलेली ओवी मुळात दुसऱ्याच तालुक्यातून आईकडून किंवा आत्याकडून आलेली असू शकते, आणि माहेर लिहिलं नसेल तर ती कुठली हे नंतर कुणालाच कळणार नाही.

आता उतरवणं. इथे शिकलेल्या माणसाचा हात शिवशिवतो. ती "व्हता" म्हणाली तर "होता" लिहायचं नाही, "बाई", "गं", "बया" काढायचे नाहीत, एखादा शब्द लागत नसेल तर तसाच लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाका आणि पुढच्या खेपेला विचारा. ओळ दोनदा गायली तर दोनदा लिहा. अर्थ त्याच बैठकीत विचारून घ्या, तोही रेकॉर्ड करा, कारण आजी अर्थ सांगताना आख्खा प्रसंग सांगते, भाऊ दिवाळीला न्यायला आला नव्हता ते वर्ष वगैरे.

निवड मात्र अजिबात करू नका. विठ्ठल, सीता, भाऊराया एवढंच गोळा केलं की संग्रह गोड दिसतो पण खोटा होतो. साने गुरुजींनी, लोकसाहित्याच्या अभ्यासक सरोजिनी बाबरांनी ओव्या जमवून ठेवल्या म्हणून केवढं तरी वाचलं. पुढे पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्यासोबत कित्येक तास आवाजही रेकॉर्ड झाला, आणि 2017 पासून तो खजिना पारी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या वेबसाइटवर येतोय. त्यात बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्यांचा मोठा ठेवा आहे, गरिबीच्या, राबण्याच्या ओव्या आहेत. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव असतं, तुम्हीही ते ठेवा. "एका आजीकडून ऐकलेली" असं लिहून फेसबुकवर टाकणं म्हणजे त्या बाईचं श्रेय ढापणं आहे, मला त्याचा खरंच राग येतो.

घरी आल्यावर त्याच रात्री फाइलला गाव-नाव-तारीख असं नाव द्या आणि दोन ठिकाणी कॉपी ठेवा, एक फोनबाहेर. उतरवायला वेळ लागतो, अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगला आख्खा दिवस गेला तरी घाबरू नका.

मग परत जायचं. रेकॉर्डिंग नातवाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, लिहिलेलं मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्या, आणि आजीला बसवून ऐकवा. ऐकवताना दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, आधी सांगून अर्थात, कारण स्वतःचा आवाज ऐकताना त्या मधेच थांबवतात, "हितं एक ऱ्हायली" म्हणतात आणि मागच्या वेळी सुटलेल्या ओव्या निघायला लागतात.