पोलादी छर्रे आणि चोक: या चुका टाळा

चोक म्हणजे छर्र्यांच्या बंदुकीची (शॉटगनची) नळी तोंडाशी किती आवळलेली आहे ते; फुल म्हणजे जास्त आवळ. सगळ्यात हट्टी चूक ही: "लांबचं मारायचंय ना, मग फुल चोक लाव." शिशाच्या छर्र्यांना हे चालून जातं. शिसं मऊ, आवळलेल्या तोंडातून निघताना छर्रे चेपतात आणि निसटतात. पोलादी छर्रा चेपत नाही. बारा बोअरच्या (हे नळीचं माप) बंदुकीला फुल चोक म्हणजे नळीच्या आतल्या व्यासापेक्षा तोंड साधारण १ मिलिमीटरने अरुंद. ते कडक छर्रे तिथं अडले की सगळा जोर नळीवर. नळी फुटेलच असं नाही. बहुतेक वेळा चोकपाशी अंगठीसारखा फुगवटा उठतो.

रेंजवर एका नवशिक्याची चोक ट्यूब, म्हणजे नळीच्या तोंडात आट्यांनी बसवायचा चोकचा तुकडा, काही केल्या निघेना. पाना झाला, तेल झालं, शेवटी पठ्ठ्या पाइपपाना आणायला निघाला. त्याला थांबवलं, बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, नळी सोडवून उजेडाकडे धरायला सांगितली. आतली सावलीची रेघ चोकपाशी सरळ मोडलेली! ट्यूब फुगून आट्यांत रुतली होती. काडतुसं पोलादी, ट्यूब फुल. यावर त्याचं उत्तर काय, तर "पण नेम झकास लागत होता." लागणारच! न चेपलेले छर्रे गोल राहतात, भरकटत नाहीत. म्हणूनच पोलादाला मॉडिफाइड, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा आवळ, शिशाच्या फुल चोकच्या जवळपास पॅटर्न (निशाणावरचा छर्र्यांचा पसारा) देतो. जास्त आवळून मिळवायचं काय?

मी पोलादाला मॉडिफाइडच्या पुढे जात नाही. ट्यूबवर 'स्टील' चालतं असं कोरलेलं नसेल, तर ती ट्यूब पेटीतच राहते. युरोपातल्या सीआयपीच्या (बंदुका आणि काडतुसांच्या सुरक्षा-चाचण्यांचे नियम ठरवणारी संस्था) नियमांनुसार हाय परफॉर्मन्स, म्हणजे जास्त जोराच्या, पोलादी काडतुसाला नळीवर 'फ्लर-द-ली' फुलाचा शिक्का लागतो, आणि ४ मिलिमीटरपेक्षा मोठ्या छर्र्याला हाफ चोकपेक्षा (म्हणजे मॉडिफाइडच) जास्त आवळ चालत नाही.

ट्यूबच्या कडेवरच्या खाचा जास्त म्हणजे आवळ जास्त, हा आणखी एक गोड गैरसमज. बऱ्याच कंपन्यांच्या ट्यूबवर उलटं असतं: एक खाच म्हणजे फुल. मॅन्युअल उघडायला दोन मिनिटं लागतात, पण तेवढा धीर कुणाला?

छर्र्याचा नंबर तोच ठेवू नका. शिशाची घनता घन सेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, पोलादाची ७.८ च्या आसपास. हलका छर्रा वेग लवकर गमावतो. नंबर लहान तितका छर्रा मोठा, म्हणून शिशाचा ६ नंबर वापरत असाल तर पोलादाचा ४ घ्या.

दमास्कस नळी (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली जुनी नळी) किंवा आजोबांची पातळ नळी: पोलाद नाहीच.

घरी काडतुसं भरणाऱ्यांनी शिशाच्या मापात पोलाद ओतू नये. दाब बदलतो, आणि छर्रे नळीला घासू न देणारी जाड प्लास्टिकची वॅड (काडतुसातली छर्रे धरणारी वाटी) लागते.

ट्यूब दर थोड्या वेळाने हाताने तपासा, अर्थातच बंदूक रिकामी करून. सैल ट्यूबची कड वर येते आणि छर्रे तिच्यावरच आदळतात. आणि लोखंडी पाटीवर पोलादी छर्रे मारू नका, ते उलटून येतात. डोळ्यांवर चष्मा हवाच, कागदावर मारतानाही.