२७०० घनमीटरचे १०० कसे झाले

सिव्हिल थ्रीडी, म्हणजे रस्ते, जमीन, खोदाई यांच्या आराखड्यांचं सॉफ्टवेअर, शिकायला घेतलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात सरावासाठी एक तळं खोदलं, म्हणजे पडद्यावर. ६० मीटर लांब, ३० रुंद, दीड मीटर खोल, बाजू जवळजवळ उभ्या. खोदाई तोंडीच निघते: २७०० घनमीटर. सॉफ्टवेअर म्हणालं, १००च्या आसपास.

साहजिकच मला वाटलं, सरफेस, म्हणजे त्रिकोणांनी बनलेला जमिनीचा पृष्ठभाग, चुकला. ब्रेकलाइन, म्हणजे उतार जिथे बदलतो तिथल्या रेषा, पुसून पुन्हा टाकल्या, त्रिकोण तपासले, पॉइंट फाइल नव्याने आणली. रुंदी मोजली तर बरोबर ३०. लेव्हलही बरोबर. अर्धा दिवस गेल्यावर आकड्याशेजारचं एकक वाचलं: घनयार्ड! मी फाइल इम्पिरिअल, म्हणजे फूट-यार्डच्या, टेम्प्लेटवर (नव्या फाइलच्या तयार नमुन्यावर) सुरू केली होती. नवीन फाइलचं बटण दाबलं की जे येतं ते, कारण त्या बटणाला तेच टेम्प्लेट नेमलेलं होतं. माझे मीटर त्याने फूट समजून घेतले आणि २७ घनफुटांचा एक घनयार्ड या हिशोबाने २७०० ला २७ ने भागलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

ही चूक लपून राहते ती अशी. लांबी, लेव्हल, को-ऑर्डिनेट हे नुसते आकडे असतात, ते मीटरच्या आणि फुटाच्या फाइलमध्ये सारखेच दिसतात. एकक बदलतं तिथेच, म्हणजे मातीचं घनफळ आणि क्षेत्रफळ काढताना, चूक वर येते, आणि तोवर निम्मं काम झालेलं असतं. त्याआधी एक खूण मिळते, ती मात्र पाहून ठेवा. रस्त्याची अलाइनमेंट (मध्यरेषा) टाकली की १०० वरचं चेनेज, म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर, मेट्रिक फाइलमध्ये ०+१०० असं दिसतं, इम्पिरिअलमध्ये १+००. माझ्याही पडद्यावर १+०० होतं. मला ते फक्त वेगळं लिहिलेलं वाटलं.

मग ड्रॉइंग सेटिंग्जमध्ये जाऊन फूट काढून मीटर निवडून पाहिले. काही आकडे सुधारले, पण लेबलांमध्ये मजकूर म्हणून लिहिलेली फुटाची खूण जिथल्या तिथे. दुरुस्त करत बसण्यापेक्षा पॉइंट फाइल घेऊन नवी फाइल सुरू केलेली बरी. शिकताना तर नक्कीच.

यानंतर मी शहाणा झालो आणि दुसरी चूक केली. ऑटोकॅडची जुनी सवय, म्हणून थेट त्याचंच साधं एकॅडआयएसओ टेम्प्लेट घेतलं. ते मेट्रिक आहे, पण सिव्हिलच्या दृष्टीने कोरं. सरफेस केला तर स्टाइलच्या यादीत एकच नाव, स्टँडर्ड. अलाइनमेंटला स्टँडर्ड, प्रोफाइल व्ह्यूला स्टँडर्ड, आणि सगळं शून्य लेयरवर. मला वाटलं, सॉफ्टवेअरच इतकं रुक्ष आहे! सिव्हिल थ्रीडीत कंटूर (समान उंचीची रेषा) किती अंतराने दिसावा, लेबलात काय यावं, कोणती वस्तू कोणत्या लेयरवर जावी, हे सगळं स्टाइलमध्ये असतं आणि स्टाइल टेम्प्लेटमधून येतात.

तेव्हा पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी माझं मत सरळ आहे: सोबत येणारी, नावात सिव्हिल थ्रीडी, मेट्रिक आणि एनसीएस असलेली डीडब्ल्यूटी, म्हणजे टेम्प्लेटची, फाइल घ्या. एनसीएस म्हणजे अमेरिकेचं कॅड मानक, त्यामुळे लेयरची नावं सी-रोड, सी-टोपो अशी येतील. येऊ द्या. कंटूर्स १ मीटर आणि ५ मीटर अशा तयार स्टाइल त्यात असतात, आणि बहुतेक धड्यांमधली नावं तिच्याशी जुळतात. ऑफिसचं टेम्प्लेट हाताशी असेल तर त्याचा मोह होतो, पण त्यात नावं बदललेली असतात आणि धड्यातली स्टाइल शोधण्यातच वेळ जातो. ते खऱ्या प्रोजेक्टसाठी ठेवा. तिथे मात्र तेच वापरायचं, आपली अक्कल चालवायची नाही. काही देशांसाठी कंट्री किट मिळतं, त्यात तिथल्या पद्धतीच्या स्टाइल असतात. तेही नंतर.

स्वतःचं टेम्प्लेट बनवायची घाई तर अजिबात नको. मी बनवलं होतं. लेबलांची उंची, रंग, सगळं मनासारखं केलं आणि मग कळलं की जुन्या ड्रॉइंगमध्ये यातलं काहीच पोचलेलं नाही. फाइल सुरू होते तेव्हा टेम्प्लेटची नक्कल होते आणि तिथेच दोघांचं नातं संपतं. जुन्या फाइलमध्ये स्टाइल हव्या असतील तर मॅनेज टॅबमधून इम्पोर्ट कराव्या लागतात, किंवा टूलस्पेस या बाजूच्या पॅनेलच्या सेटिंग्ज टॅबमध्ये एका ड्रॉइंगमधून दुसऱ्यात ओढून टाकायच्या. २०१७च्या आवृत्तीपासून टेम्प्लेट रेफरन्स म्हणून जोडताही येतं, पण ते टीममध्ये काम करायला लागल्यावर.

आधी ऑप्शन्समध्ये जा, फाइल्स टॅबखाली टेम्प्लेट सेटिंग्ज उघडा आणि क्यून्यूसाठी, म्हणजे त्या नवीन फाइलच्या बटणासाठी, मेट्रिक फाइल नेमून टाका. एकदाच करायचं काम आहे. तरी अजूनही नवी फाइल उघडली की मी २०० लांबीची एक रेघ मारतो, तिची अलाइनमेंट करतो आणि चेनेज वाचतो. ०+१०० दिसलं तर रेघ पुसून कामाला लागतो. १+०० दिसलं तर सेव्ह न करता फाइल बंद.